टॉर्च तिरका धरून

साखरीनाट्याच्या मच्छीमार सोसायटीत मॉनिटर गेला
तेव्हा डिझेलसाठी सतरा कॅन रांगेत होते,
कॅन उन्हात, माणसं पत्र्याखाली.
मजीदभाई म्हणाले, "मेला गो जैतुन, नवाच मागवूया."
म्हटलं, मेलाय की नाही ते आधी बघू तर द्या.

बटण दाबलं.
हिरवा दिवा लागला तो लागूनच राहिला.
पडदा दोन सेकंद उजळला,
होडीत काडी ओढावी नि वाऱ्याने घ्यावी, तसा
गेला.
पुन्हा दाबलं. दोन सेकंद. गेला.
केबल बदलली, प्लग बदलला,
मजीदभाईंनी एक चापटही मारून पाहिली.
तेच.

मग खिडकी लावून घेतली
आणि मोबाइलचा टॉर्च काचेला तिरका धरून
गाल जवळजवळ पडद्याला टेकवला.

दिसलं.
पहाटेच्या धुक्यात जेटीचं टोक दिसतं
तेवढंच.
होड्यांची नावं असतील, लिटर असतील,
म्हणून डोळे बारीक केले तर
इस्पिकची राणी.
तिच्या पायाशी बदामचा गुलाम,
शेजारच्या ओळीत चौकटचा राजा, एकटा,
आणि कधीची करायची राहिलेली एक चाल.

मजीदभाईंनी टोपी सारखी केली.
"सकाळपासून हिशेबच चालला होता."
मी म्हटलं, चित्र शाबूत आहे.
मागचा उजेड तेवढा गेलाय.

मागे चार स्क्रू. तीन सुटले.
चौथा खाऱ्या हवेने खाऊन खाऊन
घराचाच झालेला, त्याला खोबरेल तेल
आणि एका चहाइतका वेळ.
मुदत संपलेलं एटीएम कार्ड फटीत फिरवलं,
कट्, कट्, आणि पाठ उघडली.
आत पालीचं अंड्याचं टरफल,
मुंग्यांनी आणलेली कसलीशी माती,
सोल्डरच्या ठिपक्यांवर मिठाची पांढुरकी साय.
आणि तिथेच, पुरीसारखे टम्म फुगलेले
दोन कपॅसिटर.

अब्बा ट्रॉलरच्या इंजिनाला कान लावायचे,
बिघाड त्यांना आवाजात सापडायचा.
मला तो असा फुगलेला सापडतो,
याचं त्यांना शेवटपर्यंत हसू आलं.
"यंत्र आणि त्याला ग्रीस नाही? मग कसलं यंत्र ते?"

रत्नागिरीला जाऊन यायचं म्हणजे दिवस गेला.
दुकानात एक मेलेला सेट-टॉप बॉक्स होता,
त्याच्यातून दोन काढून आणले.
व्होल्ट जास्त चालतात, कमी चालत नाहीत.
पट्टीची बाजू ऋण, हे दोनदा बघायचं,
कारण चुकलं तर
फटाका.
सोल्डर वितळतोय तोच वीज गेली.
टोक थंड झालं, मी फुंकर मारत बसले उगाच.
पत्र्याखाली कुणीतरी महावितरणची आई काढली,
मग तिच्या आईची.

पावणेबाराला पंखा हलला.
खिडकी उघडली, उकडत होतं,
आणि मॉनिटर लावला.

दोन सेकंद.
तीन.
दहा मोजले, मग मोजणं सोडलं.

सगळा पडदा हिरवागार,
त्यावर पत्ते एकेक स्वच्छ मांडलेले,
राणीच्या हातातलं फूलसुद्धा ओळखू यावं असे,
आणि खिडकीच्या गजांत सतरा कॅनांचे सतरा मालक.
कुणी काही बोलेना.
मागून हाफिज सोलकर पुढे आला,
मान वाकडी करून त्याने नीट बघितलं, म्हणाला,
"मजीदभाई, राणी राजावर टाका आधी,
मग आमचं डिझेल बघा."

टाकली त्यांनी. खालून एक्का निघाला.

माझे साडेतीनशे रुपये मात्र
त्यांनी वहीत लिहिले,
पेनाने.